दोन वाजून चार मिनिटांचा फोन

१

तिसरं घमेलं भरताना फावडं कशाला तरी अडलं. कामगाराला वाटलं, वाळूत एखादा धोंडा आला असेल. त्याने फावडं बाजूला ठेवलं, हाताने वाळू सारली, आणि खालून माणसाची चार बोटं वर आली.

मग पाच-सहा जण धावले. फावड्यांनी, घमेल्यांनी, नुसत्या हातांनी त्यांनी ढीग उपसला. मध्येच निळी ताडपत्री हाताला लागली, ती कुणीतरी ओढून लांब फेकली. गेणबाला बाहेर काढलं तेव्हा सव्वातीन वाजले होते. अंग अजून कोमट होतं, श्वास नव्हता.

कळस गावाच्या शिवेवर, संभाजी तात्यांच्या डाळिंबाच्या बागेला लागून, तात्यांच्या नव्या घराचं काम चाललं होतं. गेणबा तिथला मुख्य गवंडी. वय पासष्टच्या पुढे, पण भिंतीची ओळ अजून डोळ्याने धरायचा. त्या दिवशी गावात मोठं लग्न होतं, म्हणून कामावरची सगळी माणसं एक वाजता जेवायला गेली ती तीनला परतली. गेणबा तेवढा थांबला होता. दोन वाजता गिलाव्याची वाळू यायची होती, आणि माल उतरवून घ्यायला कुणीतरी लागतंच.

वाळू आली होती ती ड्रायव्हरशिवाय. लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीने बांधकामाच्या मालाचं कोठार काढलं होतं. मोठे ट्रक तिथवर माल आणून टाकत. पुढे, जिथे ट्रक वळत नाही अशा शेतरस्त्यांनी, सिमेंट, विटा आणि वाळू दारात पोचवायला कंपनीच्या बारा बुटक्या, बॅटरीवरच्या गाड्या होत्या. त्यांना स्टिअरिंग नव्हतं की बसायला जागा नव्हती. लोक त्यांना 'बिनमाणशी' म्हणत. चाचणीची परवानगी वर्षभराची होती. त्यातले सात महिने गेले होते आणि तोवर एका कोंबडीलाही धक्का लागला नव्हता.

संध्याकाळपर्यंत इंदापूरपासून बारामतीपर्यंत एकच बातमी पसरली: बिनमाणशीने माणूस गाडला.

२

वृषाली खारतोडे बारामतीच्या परिवहन कार्यालयात मोटार वाहन निरीक्षक होती. अपघात झालेल्या गाड्या तपासण्यात तिची अकरा वर्षं गेली होती. गाडीत दोष होता की नाही, एवढंच तिने तीन दिवसांत लिहून द्यायचं होतं. दोष असेल तर बाराही गाड्या बंद होणार होत्या. माणूस कसा मेला, ते बघायचं काम पोलिसांचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तीच गाडी, तेवढीच वाळू भरून, त्याच अंगणात आणवली. सोबत इंदापूरचे राम हवालदार होते, निवृत्तीला वर्ष राहिलेले आणि कशाचीच घाई नसलेले. वृषालीने त्यांना गाडीच्या मागे उभं राहायला सांगितलं. गाडी नुसतीच थांबली, हौदा उचलेना. हवालदार उकिडवे बसले, तरी नाही. शेवटी टोपी काढून ते जमिनीवर आडवे झाले आणि डोळे मिटले. गाडीने तीनदा भोंगा वाजवला आणि आपणहून चार हात पुढे सरकली.

"माझ्या पुतण्यापेक्षा शहाणी आहे," असं म्हणत हवालदार कपडे झटकत उठले.

वृषाली हसली नाही. गाडीला उभा, बसलेला, झोपलेला, सगळ्या प्रकारचा माणूस दिसत होता. मग तिला गेणबा कसा दिसला नाही?

तिने अंगणात एक फेरी मारली. घराच्या पुढच्या बाजूला गॅलरीचा स्लॅब बाहेर आला होता आणि त्याला खालून नऊ लोखंडी टेकू दिलेले होते. वाळूचा ढीग अगदी त्या टेकूंच्या पायाशी होता. एवढ्या मोकळ्या अंगणात वाळू इतकी आत का टाकली, असं तिने संभाजी तात्यांना विचारलं.

तात्या सकाळपासून निंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. काल दुपारी ते बागेच्या पलीकडच्या टोकाला व्यापाऱ्याबरोबर डाळिंबाच्या क्रेट भरून घेत होते. व्यापाऱ्यानेही तसंच सांगितलं होतं.

"वाळू हितं पडती, ताई. या निंबाखाली," ते म्हणाले. "ताडपत्री हितंच हातरलेली असती. गाडीला तसं शिकिवलंय म्हनं, निळी ताडपत्री दिसंल तितं वतायचं. काल ताडपत्री तकडं कुनी नेली, त्येच मला कळंना."

बांधकामाचा ठेकेदार ज्ञानेश हा पस्तिशीचा, बारामतीत डिप्लोमा केलेला, नीटनेटका माणूस होता. रात्रभर जागल्यासारखे त्याचे डोळे लाल होते. एकपासून आपण लग्नातच होतो, हजार-दीड हजार पानं उठली, वाढायलाही मदत केली, असं त्याने सांगितलं. गॅलरीचं काम कधी झालं, या प्रश्नावर तो म्हणाला की स्लॅब ओतून आठ दिवस झाले, अजून पंधरा दिवस तरी खालचे टेकू हलवायचे नाहीत, आणि आठ दिवसांत त्यांना कुणी हातही लावलेला नाही.

जाता जाता त्याने आवाज खाली आणला. "मॅडम, ताडपत्री कुणी हलवली ते जयवंताबाईंना विचारा. या गाड्या बंद पडाव्यात म्हणून त्यांनी रस्त्यावर दोनदा बाभळीच्या फांद्या टाकल्यात. काल दुपारी त्या याच रस्त्यावर होत्या."

३

जयवंताबाईंकडे जाण्याआधी वृषालीने गाडीच्या पोटातली नोंदपेटी उघडली. गाडी कुठे थांबली आणि कधी वळली, ते सगळं त्यात मिनिटामिनिटाने उतरलेलं असतं. आदल्या दिवशीच्या नोंदीत दोन वाजून तीन मिनिटांसमोर एक ओळ होती: 'उतरवण्याच्या जागी उंचवटा. विचारणा केली.' दोन वाजून पाच मिनिटांसमोर दुसरी: 'होकार मिळाला. माल उतरवला.'

गाडीला शंका आली की ती लोणी देवकरच्या कोठारात बसलेल्या माणसाला विचारते. काल त्या खुर्चीवर सोनल होती.

सोनल लोणी भापकरची, चोवीस वर्षांची. तिच्यासमोर भिंतीवर बारा पडदे होते. तिने काल पोलिसांना सांगितलं होतं की गाडीने काहीच विचारलं नाही. वृषालीने नोंदीचा कागद तिच्या टेबलावर ठेवला आणि शेजारच्या खुर्चीत बसली. सोनलने कागद वाचला. मग तिने दोन्ही हात मांडीवर घेतले आणि खरं काय ते सांगितलं.

गाडीने विचारलं होतं. सोबत एक फोटोही पाठवला होता. तो सोनलने काढून दाखवला. चौकटीत फक्त निळी ताडपत्री होती आणि तिच्या मधोमध वीतभर उंच, लांबट फुगवटा. नियम असा होता की अशा वेळी माल उतरवून घेणाऱ्याने गाडीच्या कॅमेऱ्यासमोर येऊन ताडपत्री उचलून दाखवायची. पण जोडीदार रजेवर, बारा गाड्या एकटीच्या अंगावर आणि तीन ठिकाणांहून हाका. सोनलने नुसता फोन लावला.

"कुणाला?"

"गेणबा आजोबांना. कळसच्या कामावर त्यांचाच नंबर दिलेला आहे. मी विचारलं, ताडपत्रीखाली काय आहे? ते म्हणाले, मागची उरलेली वाळू आहे, टाका वरून. मी होकार दिला."

"किती वाजता?"

सोनलने फोनमधली नोंद दाखवली. दोन वाजून चार मिनिटं.

राम हवालदारांनी डोकं खाजवलं. गेणबाचा फोन काल त्या घराच्या खिडकीत, चार्जिंगला लावलेला सापडला होता. म्हणजे गेणबा दोन वाजून चार मिनिटांनी घरात उभा राहून फोनवर बोलत होता, आणि दोन वाजून पाच मिनिटांनी बाहेर अंगणात, हलत्याबोलत्या माणसावर ओतायला साफ नकार देणाऱ्या गाडीने, त्याच्यावर वाळू ओतली होती.

यातलं एक काहीतरी खोटं होतं, आणि गाडीची नोंद कुणी बदललेली नव्हती.

४

गेणबाचं घर गावठाणात होतं. बायको चंद्राबाई ओसरीला भिंतीला टेकून बसली होती. वृषालीला तिच्याकडून फार काही मिळेल असं वाटलं नव्हतं. रिकाम्या हाताने परत जाऊ नये, म्हणूनच ती आली होती.

काल अंगणात आरडाओरडा झाला तेव्हा चंद्राबाई लग्नातून धावत आली होती. दवाखान्याची गाडी यायच्या आधी नवऱ्याचं डोकं तिने मांडीवर घेतलं होतं. वृषालीने विचारलं, तेव्हा त्यांच्या अंगावर कुठे कुठे वाळू होती ते आठवतं का?

चंद्राबाईने पदर सावरला.

"मी तोंड पुसाया पानी मागितलं," ती म्हणाली. "पदर भिजवला. आन् तोंडावर काय न्हवतंच. डोळं, मिशा, कान, समदं सोच्छ. डोक्याला मागनं लागल्यालं, तितं रगात वाळलेलं. वाळू निस्ती उजव्या हाताला हुती, हितपातुर." तिने मनगट दाखवलं.

वृषालीने हे जसंच्या तसं लिहून घेतलं. दोन टन वाळू ज्याच्यावर पडते त्याच्या मिशीत कण नाही, असं होत नाही. वाळू ताडपत्रीवर पडली होती आणि गेणबा ताडपत्रीच्या खाली होता. बाहेर राहिला होता तो फक्त एक हात, फोटोच्या चौकटीबाहेर. फोटोतला फुगवटा म्हणजे उरलेली वाळू नव्हती. फोटो दोन वाजून तीन मिनिटांचा होता, आणि तेव्हाच गेणबा तिथे पडलेला होता.

मग दोन वाजून चार मिनिटांनी त्याच्या फोनवर कोण बोललं?

तिने चंद्राबाईला आणखी एक विचारलं: गेणबा फोनवर कसं बोलायचे? चंद्राबाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. ते कधी कुणाला नावाने हाक मारत नसत, ती म्हणाली. बाई दिसली की आक्का, पोरगी दिसली की लेकी. मग ती तहसीलदारीणबाई का असेना.

रस्त्यावर येऊन वृषालीने सोनलला फोन लावला. कालचं फोनवरचं बोलणं शब्दाला शब्द आठवून सांग, असं तिने सांगितलं. 

"ते म्हणाले, 'होय मॅडम, मागची उरलेली वाळू आहे, टाका वरून.'"  पुढचं तिने फार हळू सांगितलं. "आजोबा मला मॅडम म्हणत नाहीत. ते 'होय' पण म्हणत नाहीत. 'व्हय लेकी' म्हणतात. मला तेव्हा कसं लक्षात आलं नाही?"

५

तिसऱ्या दिवशी ती जयवंताबाईंकडे पोचली, तेव्हा दारात तीन ट्रॅक्टर आणि तीन ट्रॉल्या उभ्या होत्या. नवरा गेल्यावर पंधरा वर्षं त्यांनी आसपासच्या गावांची विटा-वाळूची वाहतूक केली होती. बिनमाणशी आल्यापासून एक ट्रॉली तर जागची हललेली नव्हती. टायरांच्या कडेने गवत आलं होतं.

बाभळीच्या फांद्या आपणच टाकल्या, हे त्यांनी न विचारता कबूल केलं. परवा दुपारीही त्या तात्यांच्या घराकडे गेल्या होत्या. विटा तरी आपल्या ट्रॉलीतून न्याव्यात, एवढं गेणबाने तात्यांच्या कानावर घालावं, असं त्यांना सांगायचं होतं. लग्नाच्या जेवणाला सगळे पांगले की गेणबा एकटा सापडेल, म्हणून त्या सव्वाएकला निघाल्या.

"मग भेटले का?"

जयवंताबाई ट्रॉलीच्या टायरांकडे बघायला लागल्या. राम हवालदारांनी घसा खाकरला, पण वृषालीने हातानेच त्यांना थांबवलं.

"फाटकापतुर गेले," जयवंताबाई अखेर म्हणाल्या. "आत भांडान चाललं हुतं. गेणबादादा म्हनत हुता, 'आजून कच्चं हाय, काडू नगंस.' बागंच्या कडंला ठेकेदाराचा टेंपो हुबा, आन् त्यात लोखंडी टेकू भरल्यालं. मी म्हनलं, आता काय बोलायची येळ न्हाय. माघारी फिरले."

हे आधी पोलिसांना का सांगितलं नाही, असं विचारल्यावर त्या खाली बघत बोलल्या. बाभळीच्या फांद्या टाकणाऱ्या बाईवर विश्वास कोण ठेवणार, हे एक. आणि दुसरं, सगळं गाव गाडीचं नाव घेत होतं. गाड्या बंद झाल्या असत्या तर ट्रॉल्या पुन्हा चालल्या असत्या. त्यांनी हे दुसरं कारण सांगितलं तेव्हा आवाज चढवला नाही आणि सफाईही दिली नाही.

हवालदारांना लगेच जाऊन ज्ञानेशला ताब्यात घ्यायचं होतं. वृषाली नको म्हणाली. जयवंताबाईंची साक्ष ज्ञानेशचा वकील एका दुपारीत उडवून लावेल, हे तिला माहीत होतं. टेकू टेंपोत होते असं ही बाई म्हणते, आणि आज नऊच्या नऊ टेकू गॅलरीखाली उभे आहेत. 'आठ दिवसांत हातही लावला नाही' हे ज्ञानेशचं वाक्य खोटं ठरवायला दुसरं काहीतरी हवं होतं.

ते काय असू शकेल, हे तिला परतीच्या वाटेवर, कालव्याच्या पुलाजवळ सुचलं. तिने गाडी बाजूला घ्यायला सांगितली. तेवढ्यात हवालदारांच्या मोबाइलवर सरकारी दवाखान्यातून शवविच्छेदनाचा अहवाल आला. वृषालीने तो वाचला. त्यातलं एक वाक्य तिने दोनदा वाचलं आणि मोबाइल परत दिला.

"घराकडे चला," ती म्हणाली. "सोनललाही बोलावून घ्या. आणि एक जाडजूड पहार लागेल."

६

उन्हं कलायला लागली होती. तात्या, ज्ञानेश, सोनल आणि दोन कामगार अंगणात उभे होते. सोनल या घरी पहिल्यांदाच येत होती. पडद्यावर शंभरदा पाहिलेलं अंगण तिला ओळखू येत नव्हतं.

वृषालीने कामगारांना गॅलरीच्या कडेच्या, वाळूच्या ढिगाला लागून असलेल्या टेकूशी नेलं. स्लॅबला धोका नको म्हणून शेजारी आधी दुसरा टेकू लावून घेतला. मग पहिला सैल करायला सांगितला. टेकूच्या लोखंडी पायाखाली एक लाकडी फळी होती. कामगाराने पहार घालून ती उचकटली आणि उलटी केली.

फळीच्या खालच्या अंगाला वाळू चिकटली होती. खाली जमिनीवरही वाळूचा दाबून बसलेला थर होता, भाकरीइतका जाड.

"ही परवाची वाळू आहे," वृषाली म्हणाली. "या अंगणाच्या या टोकाला परवा दोन वाजून पाच मिनिटांच्या आधी वाळू कधी पडलेलीच नाही. तात्या सांगतील, ती निंबाखाली पडते. टेकू आठ दिवस इथे उभे असते तर वाळू फळीच्या भोवती दिसली असती. फळीखाली ती शिरू शकत नाही, वरून सगळ्या स्लॅबचं ओझं आहे. म्हणजे आधी वाळू आली आणि टेकू नंतर उभे केले."

कामगारांनी पुढच्या दोन फळ्या न सांगता उचकटल्या. त्यांच्याखालीही वाळू होती.

 वृषालीने घाई न करता बाकीचं मांडलं. परवा एक वाजता माणसं जेवायला गेली. बारामतीच्या दुसऱ्या कामावर टेकू कमी पडत होते, हे कामगारांनीच तिला सांगितलं होतं, आणि कच्च्या स्लॅबखालचे टेकू काढणं दुसऱ्या कुणावर सोपवण्यासारखं नाही हे ज्ञानेशला कळत होतं, म्हणून लग्नातून निसटून तो एकटाच आला. टेकू टेंपोत भरताना गेणबाने त्याला अडवलं. कच्च्या गॅलरीखालून टेकू काढू नकोस म्हणून तो शेवटच्या टेकूला आडवा आला असावा. टेकू सुटला आणि त्याच्या डोक्यात बसला. गेणबा निपचित पडला. ज्ञानेशने निंबाखालची ताडपत्री ओढून आणली आणि त्याला झाकलं. पुढे काय करायचं ते ठरायच्या आत भोंगा ऐकू आला. तो घरात लपला. गाडीने निळी ताडपत्री पाहिली, तिला शिकवलं होतं तशी ती तिच्यापाशी गेली, उंचवटा बघून थांबली, आणि तिने विचारलं. खिडकीतला फोन वाजला.

"तो फोन तुम्ही उचलला," वृषाली म्हणाली.

"मॅडम, हे सगळं तुमचं अनुमान आहे," ज्ञानेश म्हणाला. आवाज ताब्यात होता. "फोनवर कोण होतं हे कोण सांगणार?"

"मी," सोनल म्हणाली.

ज्ञानेश तिच्याकडे वळला. ही मुलगी कोण हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"बोलतानाचा 'मॅडम' तसाच आहे," सोनल म्हणाली. "म चेपून म्हणता तुम्ही. मी तुमच्याशी परवा दोन वाजून चार मिनिटांनी बोलले. ताडपत्रीखाली काय आहे, म्हणून विचारलं."

ज्ञानेश निंबाच्या दिशेने दोन पावलं गेला आणि थांबला. मग तो भराभर बोलायला लागला. त्याने कुणाला मारलं नव्हतं. टेकू निसटला होता. गेणबा जागच्या जागी गेला होता, हलत नव्हता, बोलत नव्हता. गेलेल्या माणसाला गाडीने काय फरक पडणार होता? नाव त्याचं बुडालं असतं, हाताखालची वीस माणसं घरी बसली असती. फोन वाजला तेव्हा त्याच्या तोंडून आपोआप निघून गेलं. गाडी गेल्यावर त्याने टेकू परत लावले, कारण गॅलरी खाली आली असती तर सगळंच उघडं पडलं असतं.

"नाडी बघितली होती?" वृषालीने विचारलं.

त्याने मान हलवली. नाही.

"डॉक्टरांनी लिहिलंय, डोक्याची जखम जीव जाण्याइतकी नव्हती. ते बेशुद्ध होते. जीव गेला तो छातीवरच्या ओझ्याने, श्वास कोंडून. फोन वाजला तेव्हा ते जिवंत होते."

ज्ञानेशने तिच्याकडे पाहिलं. तिने सांगितलं ते त्याच्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागला. मग तो ढिगाच्या कडेला, वाळूतच, खाली बसला, आणि राम हवालदारांनी दंडाला धरून उठवेपर्यंत उठला नाही.

७

वृषालीचा अहवाल दीड पानाचा होता. गाडीत दोष आढळला नाही, असं तिने लिहिलं. त्याखाली तिने सुचवलं की यापुढे गाडीला शंका आली तर फोनवरचा होकार चालणार नाही, माणूस कॅमेऱ्यासमोर आलाच पाहिजे, आणि एका माणसाकडे चारपेक्षा जास्त गाड्या देऊ नयेत. कंपनीने दोन्ही गोष्टी मान्य केल्या. गाड्या आठवड्याने पुन्हा सुरू झाल्या. जयवंताबाईंनी न्यायालयात साक्ष द्यायची तयारी दाखवली. त्यांच्या ट्रॉल्या मात्र अजून उभ्याच होत्या.

सोनलने राजीनामा दिला. त्यानंतर तीन दिवसांनी तिने वृषालीला फोन करून सांगितलं की चंद्राबाईंच्या घरी जायचं आहे, पण एकटीने जायचा धीर होत नाही. वृषालीचं काम कधीच संपलं होतं. तरी ती गेली.

चंद्राबाई चुलीपाशी होती. सोनल उंबऱ्याच्या आत आली आणि उभी राहूनच तिने सगळं सांगितलं. नियम काय होता, आपण काय केलं, कॅमेऱ्यासमोर या म्हटलं असतं तर काय झालं असतं. एकदाही ती अडखळली नाही. हे तिने मनात बऱ्याचदा म्हणून पाहिलं असणार. शेवटी तिने सांगितलं की आपण नोकरी सोडली.

चंद्राबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.  वृषालीला वाटलं, आता निघावं.

"मंग तितं आता कोन बसतंय?" चंद्राबाईने विचारलं.

"नवीन माणूस घेतलाय. सोलापूरकडचा."

"त्येला ठावं हाय का हितं काय झालं?"

"ऐकलं असेल," सोनल म्हणाली. "नक्की नाही सांगता येणार."

"ऐकल्यालं येगळं," चंद्राबाई म्हणाली. तिने हात पदराला पुसले आणि पहिल्यांदाच सोनलच्या तोंडाकडे नीट बघितलं. "माफ केलं म्हनत न्हाय मी. तसं माज्या तोंडात याचं न्हाय. पन तू जा परत. त्यो नवा मानूस एकांदा बघंल, एकांदा न्हाय बघनार. तू बघशील."

 चंद्राबाईने तिला बसायला पाट सरकवला नाही, आणि जा असंही पुन्हा म्हटलं नाही. ती भाकरी थापायला लागली. दोघी बाहेर आल्या तेव्हा गल्लीत ऊन तापलं होतं. सोनलला एसटी थांब्यावर सोडून वृषाली बारामतीला निघून गेली.

कंपनीला आता बारा गाड्यांसाठी तीन माणसं हवी होती, त्यांनी सोनलला परत घेतलं. सोमवारी सकाळी आठ वाजता ती लोणी देवकरच्या कोठारात कामावर हजर झाली. पावणेदहाच्या सुमारास पहिल्या गाडीने विटा कुठे उतरवायच्या म्हणून विचारलं. तिने घरमालकाला कॅमेऱ्यासमोर यायला सांगितलं. तो कुरकुरला, पाच मिनिटं लावली त्याने यायला. सोनल पडद्याकडे बघत थांबून राहिली.